सहस्रबाहू संगणक: सुरुवातीच्या समांतर यंत्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभियांत्रिकीच्या मुलांना समांतर संगणन शिकवताना दरवर्षी तेच ते प्रश्न येतात, आणि पाठ्यपुस्तकात त्यांची उत्तरं दोन ओळींत उरकलेली असतात. मला नव्या यंत्रांपेक्षा जुन्यांच्या गोष्टी जास्त आवडतात, त्यामुळे इथली उत्तरं जरा ऐसपैस झाली आहेत. घाई असेल तर आधी इलियाक ४ आणि कनेक्शन मशीन वाचा, बाकीचं सवडीने.

समांतर संगणक म्हणजे नेमकं काय? माझ्या फोनमध्येही आठ कोअर आहेत, मग तोही समांतरच ना?

हो, तोही समांतरच. पण इथे विषय आहे तो अशा यंत्रांचा, ज्यांच्या आराखड्यात शेकड्यांनी किंवा हजारांनी प्रोसेसर मांडले होते, आणि तेही एक प्रोसेसर म्हणजे खोलीभर कपाटं असायची त्या काळात. आणखी एक फरक आहे. फोनचे आठ कोअर बहुतेक वेळ वेगवेगळी कामं बघतात: एक गाणं वाजवतो, एक नकाशा दाखवतो. या यंत्रांना एकाच हिशेबाचे हजार तुकडे करून ते एकाच वेळी सोडवायचे होते. सगळी गंमत तिथेच आहे आणि सगळी डोकेदुखीही.

ही कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली?

'पहिला कोण' या वादात मी पडत नाही. पण सगळ्यात देखणी कल्पना लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज हवामानशास्त्रज्ञाची, आणि ती इलेक्ट्रॉनिक संगणकाच्याही आधीची, १९२२ची. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवताना फावल्या वेळात त्याने सहा तासांच्या हवामानाचा अंदाज हाताने गणित करून काढला. त्यात आठवडे गेले आणि उत्तर साफ चुकलं. तरी गडी खचला नाही. त्याने लिहिलं की एक प्रचंड गोल सभागृह बांधावं, भिंतींवर आतून पृथ्वीचा नकाशा रंगवावा आणि त्यात ६४,००० माणसं हिशेबाला बसवावीत. प्रत्येकाकडे नकाशाचा आपला तुकडा. ज्याने त्याने आपलं उत्तर पाटीवर लावायचं, म्हणजे शेजारच्यांना ते वाचून पुढचा हिशेब करता येईल. मधोमध उंच खांबावर एक प्रमुख. जो भाग पुढे पळतोय त्यावर तो गुलाबी प्रकाशझोत टाकणार, जो मागे राहिलाय त्यावर निळा.

यात माणसांच्या जागी प्रोसेसर ठेवून बघा. काम तुकड्यांत वाटलं आहे, प्रत्येक तुकडा फक्त शेजाऱ्यांशी बोलतो आहे आणि सगळ्यांना एका तालात ठेवायला कुणीतरी मध्ये उभा आहे. पुढच्या साठ वर्षांत जे आराखडे झाले, त्यांतले निम्मे तरी या सभागृहाच्याच आवृत्त्या म्हणता येतील. रिचर्डसनचं लक्ष हिशेबाइतकंच निरोपावर होतं हे मला विशेष वाटतं. पाटी कुणाला दिसणार आणि मागे पडलेल्याला कसं कळवायचं, याचा विचार त्याने आधीच करून ठेवला होता. नंतरच्या बऱ्याच अभियंत्यांनी नेमका तोच भाग 'पुढे बघू' म्हणून ठेवला आणि तिथेच ते अडकले.

एनियाक तर एकामागून एक हिशेब करणाराच होता ना?

उलट आहे. १९४५-४६च्या एनियाक या अमेरिकन इलेक्ट्रॉनिक संगणकात बेरीज करून साठवणारे वीस विभाग होते आणि ते एकाच वेळी चालवता यायचे. पण त्यासाठी तारा हाताने जोडाव्या लागत, आणि वीस घोडे एकाच गाडीला जुंपणं सोपं नसतं. १९४८मध्ये तो साठवलेल्या सूचनांवर चालेल असा बदलला, तेव्हा हा समांतरपणा सोडून दिला गेला. यंत्र मंदावलं, पण वापरणं सोपं झालं. हा सौदा तेव्हा सगळ्यांना पटला.

मग १९५०च्या दशकात सगळे एकाच प्रोसेसरवर का थांबले?

व्हॉल्व्ह, म्हणजे स्विचचं काम करणाऱ्या काचेच्या नळ्या. एक प्रोसेसर म्हणजे हजारो व्हॉल्व्ह, त्यांची उष्णता आणि रोज त्यांतले काही जाणार हे गृहीत. डॅनियल स्लॉटनिक तेव्हा प्रिन्स्टनला जॉन फॉन नॉयमन यांच्या संगणक प्रकल्पात तरुण कर्मचारी होता. अनेक हिशेब एकदम करणारं यंत्र करू, असं त्याने सुचवलं, तेव्हा फॉन नॉयमननी 'फार व्हॉल्व्ह लागतील' म्हणून विषय मिटवला. त्या दिवसाच्या भावात ते बरोबरच होतं. स्लॉटनिकने मात्र ते मनातून काढलं नाही. या पानावर तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

कागदावरचे पहिले आराखडे कोणते?

दोन सांगतो. १९५८मध्ये स्टीफन उंगर यांनी चित्रं ओळखण्यासाठी यंत्र मांडलं. बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटींची जाळी, प्रत्येक चौकटीत एका बिटावर, म्हणजे एकाच ० किंवा १ वर, काम करणारा चिमुकला प्रोसेसर, तो चार शेजाऱ्यांना जोडलेला, आणि सगळ्यांना एकच हुकूम देणारा एक नियंत्रक. अक्षराचं चित्र या पटावर पसरायचं आणि 'ज्याच्या डावीकडे काळं आहे त्याने काळं व्हावं' अशा हुकमांनी ते तपासायचं.

दुसरा आराखडा जॉन हॉलंड यांचा, १९५९चा. तिथे नियंत्रकच नाही. प्रत्येक चौकटीत स्वतःची सूचना, आणि उपप्रोग्राम जाळीवरून मुंग्यांच्या रांगांसारखे एकाच वेळी आपापल्या वाटेने सरकणार. वाचायला विलक्षण, बांधायला अशक्यप्राय, कारण बहुतेक चौकटी बहुतेक वेळ रिकाम्याच राहणार. हॉलंड पुढे जेनेटिक अल्गोरिदमसाठी प्रसिद्ध झाले. त्यांच्या डोक्यातल्या मुंग्या तेव्हापासूनच्या असाव्यात, असा माझा आपला समज.

सिमडी आणि मिमडी ही काय भानगड आहे?

मायकेल फ्लिन यांनी १९६६मध्ये केलेली संगणकांची वर्गवारी. परीक्षेत चार प्रकार लिहा, पण व्यवहारात दोनच लक्षात ठेवले तरी चालतं.

सिमडी म्हणजे लेझीम पथक. हलगीवाला एक ठोका देतो आणि शंभर जण एकच पायरी एकाच क्षणी टाकतात. हुकूम एक, हात अनेक. मिमडी म्हणजे लग्नघर. आचारी, मांडववाला, भटजी, वरमाई ज्याचं त्याचं काम ज्याच्या त्याच्या यादीप्रमाणे करतात आणि अडलं की एकमेकांना हाका मारतात.

लेझीम पथकात 'जर अमुक असेल तर' आलं की घोटाळा होतो. समजा, हुकूम आला: ज्यांच्याकडे सम संख्या आहे त्यांनी निम्मी करा. मग विषम संख्यावाले तेवढा वेळ लेझीम खाली धरून उभे. नंतर त्यांची पाळी, तेव्हा सम संख्यावाले उभे. अशा अटी एकात एक गुंतत गेल्या की पथकातले बहुतेक लोक नुसते उभेच राहतात. लग्नघरात ही अडचण नाही. तिथे दुसरी आहे: कोण कुणासाठी थांबलाय हेच कळत नाही.

सॉलोमन संगणकाचं काय झालं?

स्लॉटनिक वेस्टिंगहाउस कंपनीत गेला आणि १९६२मध्ये त्याने सहकाऱ्यांसह सॉलोमनचा आराखडा जाहीर केला. ३२ गुणिले ३२, म्हणजे १,०२४ प्रोसेसर, प्रत्येक एका बिटाचा, सगळे एका नियंत्रकाच्या हुकमात. अमेरिकन हवाई दलाच्या पैशावर छोटे नमुने बांधले गेले. मग पैसा आटला, पूर्ण यंत्र झालंच नाही, आणि स्लॉटनिक १९६५मध्ये इलिनॉय विद्यापीठात आला.

इलियाक ४ एवढा गाजला का?

कारण तो खरोखर बांधला गेला, आणि बांधताना जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं.

१९६६मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आर्पा या संस्थेने पैसे दिले. आराखडा असा: ६४ प्रोसेसरांचा एक भाग, असे चार, म्हणजे २५६ प्रोसेसर. हे सॉलोमनसारखे एका बिटाचे चिमुकले जीव नव्हते. प्रत्येक जण ६४ बिटांचा दमदार गडी, स्वतःची २,०४८ शब्दांची मेमरी बाळगणारा. उद्दिष्ट सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडी. बांधणीचं मुख्य काम बरोज कंपनीकडे, चिप्स टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे.

पहिला फटका चिप्सचा. ६४ पायांच्या नव्या, वेगवान चिप्स ठरल्या होत्या, त्या वेळेत जमल्या नाहीत. मग लहान, १६ पायांच्या चिप्स घ्याव्या लागल्या. त्यांनी फळ्यांवरची जागा खाऊन टाकली आणि मेमरीसाठी ठरवलेल्या पातळ चुंबकीय थराच्या तंत्राला जागाच उरली नाही. म्हणून मेमरी फेअरचाइल्डच्या अर्धवाहक चिप्सची करावी लागली. हा नाइलाजच पुढे शहाणपणा ठरला, कारण इलियाक ४ हा संपूर्ण मेमरी अर्धवाहक चिप्सवर असलेल्या पहिल्या मोठ्या संगणकांपैकी एक झाला, आणि काही वर्षांत सगळं जग त्याच वाटेला लागलं.

दुसरा फटका खर्चाचा. अख्ख्या यंत्राचा अंदाज ८० लाख डॉलर होता. ३ कोटी १० लाख गेले आणि चारपैकी एकच भाग हाती आला, ६४ प्रोसेसरांचा.

तिसरा फटका कुणाच्याच हिशेबात नव्हता. व्हिएतनाम युद्धाचे दिवस. १९७०मध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना कळलं की यंत्राचा बराचसा वेळ संरक्षण खातं वापरणार. मे महिन्यात परिसरात मोठी निदर्शनं झाली. अखेर यंत्र इलिनॉयमध्ये बसवायचं रद्द झालं आणि १९७२मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एम्स केंद्रात गेलं. ज्या विद्यापीठाच्या नावाने ते ओळखलं जातं, तिथे ते कधी चाललंच नाही.

एम्सलाही सुख नव्हतं. हिशेब कधी बरोबर यायचा, कधी नाही. १९७५मध्ये चार महिने तंत्रज्ञ हात धुऊन मागे लागले. सुमारे १,१०,००० रोधक बदलले, तारांची फेरजोडणी केली, वीजपुरवठा सुधारला आणि घड्याळाचा वेग १३ मेगाहर्ट्झवर उतरवला. त्यानंतर यंत्र विश्वासाने चालू लागलं. आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरून दूरचे संशोधकही ते वापरत. १९८१मध्ये ते बंद झालं.

थोडक्यात, तो फसला ना?

अपेक्षेच्या मापाने मोजलं तर हो. पण विमानाच्या पंखांभोवतीचा हवेचा प्रवाह, हवामान अशा प्रश्नांवर त्याने खरं काम केलं. शिवाय त्याच्यासाठी भाषा आणि कंपायलर (प्रोग्रामचं यंत्राच्या सूचनांत भाषांतर करणारे प्रोग्राम) लिहिता लिहिता एक पिढी तयार झाली. फोरट्रान या भाषेतला साधा प्रोग्राम आपोआप समांतर कसा करायचा, यावर डेव्हिड कुक यांनी पुढे जे काम उभं केलं, त्याची मुळं इलिनॉयच्या याच दिवसांत आहेत.

तांत्रिक धडा विचाराल तर जोडणीकडे बघा. प्रोसेसर क्रमांक २० ची थेट ओळख फक्त १९, २१, १२ आणि २८ यांच्याशी. म्हणजे एक घर किंवा आठ घरं, पुढे-मागे. कुणाकडूनही कुणाकडेही निरोप सात टप्प्यांत पोचायचा. जाळीवर बसणाऱ्या प्रश्नांना हे झकास, कारण त्यांत शेजाऱ्यापलीकडे बोलावंच लागत नाही. बाकीच्यांना मात्र निरोपांची वरातच काढावी लागे.

इलियाक ४ होता म्हणजे इलियाक ३ ही असेल?

होता, आणि त्याच्याशी मुंबईचा खरा संबंध आहे. हा किस्सा मराठी पुस्तकांत सहसा येत नाही, म्हणून आवर्जून.

इलियाक ३ चित्रं वाचायला होता. बबल चेंबरमधल्या अणुकणांच्या मार्गांचे ढिगांनी फोटो निघत. ते डोळ्यांनी तपासायचं काम यंत्राकडे द्यायचं होतं. त्याचा गाभा ३२ गुणिले ३२ चौकटींची जाळी, उंगर यांच्या पटाच्या घराण्यातली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक उभारणाऱ्या गटाचे प्रमुख आर. नरसिंहन १९६१ ते १९६४ या काळात इलिनॉयला होते, आणि या यंत्रावर चित्रांची समांतर छाननी कशी करायची, त्याच्या आज्ञा कशा असाव्यात, या कामात त्यांचा मोठा वाटा होता. चित्राला भाषेसारखं व्याकरण असतं हा त्यांचा विचार तिथलाच. मग ते मुंबईला परत आले.

यंत्राचं नशीब मात्र खोटं. १९६८मध्ये प्रयोगशाळेत लाकडी टेबलावरच्या विजेच्या उपकरणात शॉर्ट झाला आणि आगीत ते गेलं. पुन्हा बांधलं, जाळी चाललीही, पण प्रकल्प शेवटी गुंडाळला.

अ‍ॅमडालचा नियम सोप्या भाषेत सांगाल का?

कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच शेवटी वेग ठरवतो. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७मध्ये अटलांटिक सिटीच्या परिषदेत हे मांडलं, समोर बाजू लढवायला स्लॉटनिक.

आकडे घेऊ. समजा, कामाचा ५ टक्के भाग एकट्यानेच करावा लागतो. ६४ प्रोसेसर लावले तर काम ६४ पट वेगाने होत नाही, साधारण १५ पट होतं. १,०२४ लावले तर जेमतेम १९.६ पट. कोटभर लावलेत तरी २० पटीचं कुंपण ओलांडता येत नाही. सोळा पट यंत्र विकत घेऊन पदरात चार पटी जादा. कुठल्याही खजिनदाराला घाम फुटेल.

वीस वर्षं हा नियम समांतरवाल्यांच्या तोंडावर फेकला जात होता. अ‍ॅलन कार्प यांनी तर १९८५मध्ये पदरचे १०० डॉलर लावले: खऱ्या प्रश्नावर २०० पट वेग मिळवून दाखवा, १९९५ पर्यंत मुदत. १९८८मध्ये सँडिया प्रयोगशाळेच्या जॉन गुस्टाफसन आणि सहकाऱ्यांनी १,०२४ प्रोसेसरांच्या एनक्यूबवर ते करून दाखवलं. प्रश्न तेवढाच ठेवून ५०० पटींहून जास्त, आणि प्रश्न यंत्राच्या मापाने वाढवला तर १,००० पटींहून जास्त.

त्यांचा मुद्दा साधा होता. दोन किलो पोह्यांना शंभर आचारी बोलावले तर नव्वद जण हात बांधून उभे राहतील. पण हजार पानांची पंगत असेल तर? चूल पेटवायला लागणारा वेळ तेवढाच, आणि वाटता येणारं काम डोंगराएवढं. मोठं यंत्र मिळालं की कुणी जुनाच प्रश्न सोडवत बसत नाही, मोठा प्रश्न घेतो. अ‍ॅमडालचं गणित चुकलेलं नाही. त्यांनी धरलेली पंगत लहान होती.

एका बिटाचा प्रोसेसर? त्याने काय होणार?

हा प्रश्न विचारताना वर्गात कुणीतरी हसतंच. हिशेब करा. एका बिटाच्या प्रोसेसरला ३२ बिटांची बेरीज करायला ढोबळमानाने ३२ पावलं लागतात. दमदार प्रोसेसर ती एका पावलात करतो. पण असे ४,०९६ चिमुकले असतील तर त्याच ३२ पावलांत ४,०९६ बेरजा होतात, म्हणजे पावलाला १२८. आणि संख्या आठच बिटांच्या असतील तर काम चौपट लवकर; दमदार गड्याचे बाकीचे बिट मात्र नुसते वाया जातात. काळ्या-पांढऱ्या चित्राला तर बिंदूमागे एकच बिट लागतो.

ब्रिटनच्या आयसीएल कंपनीचा डॅप हा संगणक याच मताचा होता. स्ट्युअर्ट रेडअवे यांचा आराखडा, ६४ गुणिले ६४ जाळी, पहिलं यंत्र लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजमध्ये. गुडइयर एरोस्पेसने, म्हणजे त्याच टायरवाल्या घराण्यातल्या कंपनीने, १९८३मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्राला १२८ गुणिले १२८, म्हणजे १६,३८४ प्रोसेसरांचं यंत्र दिलं. काम मुख्यतः उपग्रहांनी पाठवलेल्या चित्रांचं. रचनाकार केनेथ बॅचर. क्रमवारी लावायचं त्यांचं जाळं आजही अभ्यासक्रमात आहे. या यंत्रात चार जादा उभ्या रांगाही ठेवल्या होत्या. एखादा प्रोसेसर गेला की त्याच्यासकट चार रांगा वगळून या जादाच्या घ्यायच्या. इलियाक ४ चे हाल बघितलेल्या जगाला हे शहाणपण आलं होतं.

प्रोसेसर एकमेकांना जोडायचे तरी कसे?

खरं तर हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि मुलं तो सगळ्यात शेवटी विचारतात.

प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडलं तर तारांचं जंगल होतं. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सी-एमएमपी या १९७०च्या दशकातल्या यंत्रात सोळा प्रोसेसर आणि सोळा मेमरी विभाग यांच्यामध्ये टेलिफोन एक्स्चेंजसारखा स्विच होता. सोळाला ते जमलं. हजाराला दहा लाख छेदबिंदू लागतील. जाळी स्वस्त, पण ६४ गुणिले ६४ पटावर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायला १२६ टप्पे.

मधला मार्ग म्हणजे हायपरक्यूब. नाव भारदस्त, युक्ती सोपी. ६४ प्रोसेसरांना ० ते ६३ क्रमांक द्या आणि ते द्विमान पद्धतीत लिहा, म्हणजे सहा अंक. ज्यांच्या क्रमांकात एकाच अंकाचा फरक, ते शेजारी. प्रत्येकाला सहाच शेजारी, आणि कुठूनही कुठेही जास्तीत जास्त सहा टप्पे, कारण प्रत्येक टप्प्याला एक अंक दुरुस्त होतो. वाट शोधायला नकाशाच नको. पत्ता हाच नकाशा. १९८३मध्ये कॅलटेकच्या चार्ल्स सेट्झ आणि जेफ्री फॉक्स यांनी बाजारात मिळणाऱ्या इंटेल ८०८६ आणि ८०८७ चिप्स घेऊन असा ६४ नोडांचा कॉस्मिक क्यूब उभा केला. खास घडवलेल्या चिप्स नकोत, दुकानातल्या घ्या आणि डोकं जोडणीत घाला, हा त्यातला खरा नवा विचार.

कनेक्शन मशीन म्हणजे ते लाल दिव्यांचं काळं ठोकळं?

तेच. लुकलुकणाऱ्या दिव्यांमुळे ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पण नाव बघा: जोडणीचं यंत्र. एमआयटीतल्या डॅनी हिलिस या तरुणाला विचार करू शकणारं यंत्र हवं होतं, आणि मेंदूत पेशी मंद असतात पण जोडण्या अफाट, हे त्याचं सूत्र. १९८३मध्ये थिंकिंग मशीन्स कंपनी निघाली. पहिल्या यंत्रात, सीएम-१मध्ये, एका बिटाचे ६५,५३६ प्रोसेसर: एका चिपवर १६, अशा ४,०९६ चिप्स, बारा मितींच्या, म्हणजे बारा अंकी पत्त्यांच्या, हायपरक्यूबमध्ये. टपाल जास्तीत जास्त बारा टप्प्यांत पोचणार.

त्या उन्हाळ्यात रिचर्ड फाइनमन, नोबेलवाले, तिथे कामाला आले. त्यांना टपालाचं कोडं दिलं: एका चिपवर निरोप थोपवून ठेवायला किती जागा लागतील? कमी ठेवल्या तर कोंडी, जास्त ठेवल्या तर चिप मोठी. संगणकवाल्यांच्या नेहमीच्या हिशेबाने उत्तर सात. फाइनमननी सुट्या बिटांऐवजी त्यांची सरासरी, सलग बदलणारी राशी म्हणून धरून भौतिकशास्त्रातल्यासारखी समीकरणं मांडली आणि म्हणाले, पाच पुरेत. आधी सातच ठरलं. मग चिप कारखान्यात बनवता येईना इतकी मोठी झाली, नाइलाजाने पाचवर आले, आणि टपाल बिनबोभाट चाललं.

१९९१च्या सीएम-५मध्ये कंपनीने एका बिटाचा हट्ट सोडला आणि बाजारातले स्पार्क प्रोसेसर घेतले. लेझीम पथक मोडून लग्नघर केलं म्हणा ना. १९९४मध्ये दिवाळं निघालं. शीतयुद्ध संपल्यावर संरक्षणाचा पैसा आटला हे एक कारण, आणि साधे प्रोसेसर दरवर्षी इतके वेगवान होत होते की विशेष यंत्र तयार होईपर्यंत ते शिळं व्हायचं, हे दुसरं.

पुण्याचा परम महासंगणक यात कुठे बसतो?

कॉस्मिक क्यूबच्या बाजूला. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था स्थापन झाली, गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात. संचालक विजय भटकर, मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. मुदत तीन वर्षं, पैसे सुमारे ३० कोटी रुपये. १९९१मध्ये परम ८००० तयार झाला: ६४ ट्रान्सप्युटर, प्रत्येकाची आपली मेमरी, निरोपांवर चालणारं मिमडी यंत्र.

ट्रान्सप्युटर ही ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीची चिप. तिच्यातच प्रोसेसर, थोडी मेमरी आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या, त्यामुळे विटा रचाव्यात तसं यंत्र रचता यायचं. १९८७च्या टी८०० मध्ये दशांश आकडेमोडीचा भागही चिपवरच आला. तिची भाषा ऑकम. त्यात 'सेक' लिहिलं की खालच्या ओळी एकामागून एक, 'पार' लिहिलं की एकदम. इतकी स्वच्छ भाषा मी नंतर फारशी पाहिली नाही. ती मागे का पडली याचं मला अजून वाईट वाटतं.

परम एकटा नव्हता. बंगळूरला राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचा फ्लोसॉल्व्हर १९८६पासून चालत होता, आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अनुपम उभा राहिला. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'भारताचा पहिला' छापाच्या संदेशांत ही नावं गळतात.

अमेरिकेने महासंगणक नाकारला म्हणून परम झाला, हे खरं का?

अर्धं खरं. दिल्लीच्या हवामान अंदाज केंद्राला क्रे एक्स-एमपी हा अमेरिकन महासंगणक मिळाला, पण मागितला त्याहून लहान, आणि फक्त हवामानासाठीच वापरायचा या अटीवर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा होता तो मिळाला नाही. चीड होतीच. पण चीड आली म्हणून यंत्र होत नाही. क्रेसारखा एकच अतिवेगवान प्रोसेसर घडवायला लागणारे कारखाने आपल्याकडे नव्हते. ट्रान्सप्युटर मात्र बाजारात विकत मिळत होता. दहा वर्षं आधी ती चीड आली असती तर तिचं काय करायचं, हे कुणालाच सुचलं नसतं.

'दोन बैल की १,०२४ कोंबड्या' ही कोटी कुणाची?

क्रे महासंगणकांचे रचनाकार सेमूर क्रे यांच्या नावावर सांगतात: शेत नांगरायला तुम्ही काय घ्याल? हशा हमखास. पण नांगरायचंय हे कुणी ठरवलं? खळ्यावर सांडलेलं धान्य टिपायचं असेल तर बैल काय कामाचे? चित्रातले लाखो बिंदू तपासणं हे टिपण्याचंच काम आहे.

आजच्या जीपीयूशी याचा संबंध आहे?

थेट. जीपीयूमध्ये, म्हणजे मुळात चित्रं दाखवायला केलेल्या प्रोसेसरमध्ये, धाग्यांचे (एकदम चालणाऱ्या छोट्या कामांचे) गट एकाच हुकमावर चालतात आणि 'जर-तर' आलं की काही जण थांबून राहतात. इलियाक ४ चा माणूस आज आला तर त्याला हे ओळखीचं वाटेल. अर्थात धागे एकाआड एक चालवून मेमरीची वाट बघण्याचा वेळ लपवायची युक्ती त्याला नवी असेल.

ही यंत्रं कुठे बघायला मिळतात?

इलियाक ४ चे भाग आणि कनेक्शन मशीन कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूच्या संगणक इतिहास संग्रहालयात आहेत.

वर्गात किंवा घरी काही करून बघता येईल?

येईल, आणि संगणकाशिवाय. पाच गुणिले पाच असे पंचवीस जण उभे करा. वरच्या ओळीच्या पाटीवर कायम १००, बाकी तिन्ही कडांवर कायम ०. मधले नऊ जण ० पासून सुरू करतात. टाळी वाजली की या नऊ जणांनी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असलेल्या चौघांच्या पाट्या वाचायच्या, सरासरी काढायची आणि पुढच्या टाळीला ती आपल्या पाटीवर लिहायची. तापलेल्या पत्र्यावर उष्णता पसरते त्याचंच हे गणित.

पहिल्या टाळीला वरच्या तिघांकडे २५ येतात. दुसऱ्या टाळीला त्यांतल्या मधल्याकडे ३७.५ आणि कडेच्या दोघांकडे ३१.२५. हातात घड्याळ ठेवा आणि सरासरी काढायला किती वेळ जातो, पाट्या वाचायला किती, ते वेगवेगळं लिहा. माझ्या वर्गात भागाकार चटकन व्हायचे. 'अरे, तुझी पाटी नीट धर, दिसत नाहीये' यातच तास संपायचा. एखाद्याने चूक केली तर ती दर टाळीला एक घर पुढे सरकताना दिसते, आणि नंतर हळूहळू विरून जाते. न कंटाळता चालू ठेवलं तर अगदी मधोमध उभ्या असलेल्याची पाटी २५ च्या जवळ जाऊन थांबते. का, ते कडांची बेरीज करून मुलांनाच शोधू द्या.